वीस मैलांचं अंतर : वैमानिकाचा ढग आणि आपली सौंदर्यमीमांसा



बाहेर आभाळ भरून आलंय, त्यामुळे आज खुर्च्या थोड्या रिकाम्या दिसतात. जे आले नाहीत त्यांना मी दोष देत नाही. ढगाचा अंदाज घेऊन घरी थांबणं हीसुद्धा आजच्या विषयाचीच एक बाजू आहे. जे नंतर घरी बसून हे ऐकणार आहेत किंवा वाचणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो की माझ्या मागे पडद्यावर एक फोटो लावला आहे. सान्तियागो बोर्हा हे नाव टाकून शोधलंत तर तुम्हालाही तो इंटरनेटवर सापडेल. फोटो समोर ठेवूनच पुढचं वाचा, कारण आज मी जे करणार आहे ती या एका फोटोची समीक्षा आहे. ती करता करता माझ्या स्वतःच्या तीस-पस्तीस वर्षांच्या शिकवण्याचीही थोडी समीक्षा होणार आहे. ती टाळता येत नाही.

फोटोची हकीकत लहान आहे. बोर्हा हे इक्वेडोरचे. लाताम नावाच्या विमान कंपनीत सहवैमानिक. जून 2016 मध्ये ते बोइंग 767 विमानातून पॅसिफिक महासागरावरून, पनामाच्या दक्षिणेला, 37,000 फुटांवरून जात होते. रात्रीची वेळ. समोर एक प्रचंड गडगडाटी ढग उभा होता, ज्याला हवामानशास्त्रात क्युम्युलोनिम्बस म्हणतात. विमान त्याला वळसा घालत होतं आणि वळसा घालता घालता यांनी फोटो काढला. प्रकाश कुठला? विजेचा. ढगाच्या पोटात वीज चमकली, सगळा ढग आतून कंदिलासारखा उजळला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडी होती. नॅशनल जिऑग्राफिकच्या त्या वर्षीच्या निसर्ग छायाचित्र स्पर्धेत निसर्गदृश्य विभागात याला तिसरं बक्षीस मिळालं. आधीच तो जगभर फिरला होता.

आता फोटो बघा. खाली काळपट निळ्या ढगांचा पसारा. त्यातून वर येणारा जाड खांब आणि वर जाऊन चहूकडे पसरलेला सपाट माथा, लोहाराच्या ऐरणीसारखा. मध्यभागी पांढरा उजेड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्यांदा 'अरे बापरे' म्हणालो. नातवाने मोबाइलवर दाखवला होता. तो म्हणाला, "आजोबा, हा खोटा नाही, खरा आहे." आजकाल आधी हे सांगावं लागतं.

माझा प्रश्न असा आहे. हा फोटो सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण ज्याने तो काढला त्याला त्या क्षणी तो ढग सुंदर *दिसू* शकतो का? कारण तो ढग त्याला मारू शकत होता. आणि त्याला तो ढग काय आहे ते नेमकं माहीत होतं. म्हणजे सौंदर्यशास्त्रात ज्या दोन गोष्टींना आपण परंपरेने अडथळा मानत आलो, स्वार्थ आणि शास्त्रीय ज्ञान, त्या दोन्ही तिथे हजर होत्या.

इथे मला एडवर्ड बुलो आठवतो. केंब्रिजचा. 1912 मध्ये त्याने 'मानसिक अंतर' या कल्पनेवर एक निबंध लिहिला आणि पुढे शंभर वर्षं तो सगळीकडे शिकवला गेला. मीही शिकवला. त्याचं पहिलं उदाहरण कोणतं, माहीत आहे? समुद्रावरचं धुकं. जहाज धुक्यात सापडलंय. प्रवासी घाबरलेत, खलाशी धावपळ करताहेत, भोंगे वाजताहेत. बुलो म्हणतो की ही भीती, हा उशीर, हा धोका थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नुसतं धुक्याकडे बघा. तो दुधाळ पडदा, ती विरघळलेली रूपं, ती गूढ शांतता. व्यवहाराची तार तोडली की सौंदर्याची तार जुळते. हे त्याचं अंतर.

आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव मांडले. त्या भाषेत बोलायचं तर बुलोचा हा प्रवासी अलौकिकाच्या बाजूला सरकलेला. अभिनवगुप्ताने रसविघ्नं सांगितली, त्यातही 'हे माझं सुख, हे माझं दुःख' या जाणिवेला अडकून पडणं हे एक विघ्न आहेच. तेव्हा बुलो आपल्याला परका वाटत नाही. मला तर तो फारच आपला वाटायचा.

आता कबुली देतो. आमच्या महाविद्यालयात मी हे धुक्याचं उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं. समोर कोण बसलेलं? चांदूर बाजार, पथ्रोट, आसेगाव या बाजूच्या खेड्यांतली मुलं-मुली. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. धुकं मात्र पाहिलेलं होतं. आपल्याकडे त्याला धुवारी म्हणतात. तूर फुलोऱ्यावर असताना धुवारी पडली की फूल गळतं, आणि घरात बोलणं कमी होतं. मी फळ्यावर 'मानसिक अंतर' असं लिहून त्यांना सांगत होतो की धुक्यातला धोका विसरा. एकदा बुलो संपवून मी मेघदूताकडे वळलो, त्यात ढगाकडे बघण्याची निःस्वार्थ दृष्टी कशी आहे वगैरे सांगत होतो, तर मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, त्या यक्षाचं वावर कुठी होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो. त्याला 'बस खाली' म्हणालो.

तो प्रश्न माझ्या आयुष्यात विद्यार्थ्याने विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता हे कळायला मला फार वर्षं लागली. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता बोर्हांच्या फोटोकडे परत. हा माणूस काय बघत होता? आपण कंदील बघतो. त्याला काय दिसतं ते समजून घेऊ. तो सपाट माथा का सपाट आहे? खालून गरम, ओलसर हवा वर चढते. चढता चढता थंड होते, वाफेचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, आणि प्रत्येक वेळी सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते. हे चालतं ते वातावरणाच्या एका छतापर्यंत. तिथून वर हवा थंड होत जायचं थांबते, मग चढणाऱ्या हवेला वर जाता येत नाही आणि ती आडवी पसरते. उष्ण कटिबंधात हे छत 15-16 किलोमीटरवर असतं. विमान होतं 11 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ढगाचा माथा विमानाच्याही वर होता. ऐरणीचं टोक ज्या बाजूला लांबलेलं असतं तिकडे वरचा वारा वाहतोय, हे वैमानिक नुसतं बघून ओळखतो. वळसा शक्यतो वाऱ्याच्या वरच्या अंगाने घालायचा, कारण टोकाच्या खाली गारा पडू शकतात. आतल्या खांबात हवा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने वर जात असू शकते. रडारच्या पडद्यावर हा ढग लाल-पिवळा दिसतो, पण रडारचा भरवसा पूर्ण नाही. पावसाचे थेंब रडारला चांगले दिसतात, बर्फाचे कण फार कमी. म्हणून ढगाचा वरचा भाग, जिथून विमान जाणार, तोच रडारवर फिका दिसतो. वैमानिक रडारचा अँटेना खाली झुकवून ढगाच्या ओल्या पोटात बघतो आणि वर काय असेल याचं अनुमान करतो. आपल्या न्यायशास्त्रातल्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. पर्वतावर धूर बघून अग्नी ओळखण्यापेक्षा ही व्याप्ती थोडी नाजूक आहे.

आणि ती चुकली तर? 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान अटलांटिकवर अशाच ढगांच्या पट्ट्यातून जात होतं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी थोडा वेळ तुंबल्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली, पुढच्या काही मिनिटांत वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. 228 माणसं गेली. वैमानिकांच्या चुकीचाही त्यात मोठा वाटा होता, नुसता ढग दोषी नाही. पण सात वर्षांनी बोर्हा ज्या ढगाला वळसा घालत होते त्याच्याकडे बघताना हे कोणताही वैमानिक विसरलेला नसतो.

मग बुलोच्या हिशोबाने या माणसाला सौंदर्यानुभव येताच कामा नये. व्यवहाराची तार तोडायची सोय नाही. तोडली तर सगळेच मरतील.

तरी फोटो आहे. समोर आहे. आणि तो योगायोगाने निघालेला नाही. कॉकपिट हलत होतं, काळोख होता, वीज कधी चमकेल याचा नेम नव्हता. अशा परिस्थितीत चौकट धरून वाट बघणं हे काम सुंदर काय आहे हे दिसल्याशिवाय कोणी करत नाही.

रोनाल्ड हेपबर्न नावाचा एक स्कॉटिश तत्त्वज्ञ होता. 1966 च्या एका निबंधात त्याने तक्रार केली की सौंदर्यशास्त्र कलाकृतींत अडकलं आणि निसर्ग विसरलं. त्या निबंधात त्याने नेमका हाच ढग घेतलाय, क्युम्युलोनिम्बस. तो म्हणतो, एखाद्याला त्या ढगाचा आकार धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीसारखा वाटेल आणि तो त्यात रमेल. दुसरा माणूस त्या ढगाच्या आत चाललेली खळबळ, त्याला आकार देणारे वारे, हे मनाने जाणून घ्यायचा प्रयत्न करेल. दुसऱ्याचा अनुभव पहिल्यापेक्षा कमी वरवरचा आहे, निसर्गाशी जास्त प्रामाणिक आहे. मला हे पटतं, पण एका दुरुस्तीसह. हेपबर्नचा दुसरा माणूस जमिनीवर उभा आहे. त्याचं ज्ञान त्याला ढगाच्या आत नेतं. वैमानिकाचं ज्ञान त्याला ढगाच्या बाहेर ठेवतं. हा फरक मोठा आहे.

कसा, ते सांगतो. वैमानिकांना शिकवलेला एक साधा नियम आहे. तीव्र वादळी ढगापासून निदान वीस मैल लांब राहा. सागरी मैल धरले तर साधारण 37 किलोमीटर, म्हणजे अचलपूरहून जवळजवळ अमरावतीच्या वाटेवर पोचलात. आता बुलोचा सिद्धांत पुन्हा वाचा. तो म्हणतो, अंतर फार वाढलं तर कला कोरडी होते, फार कमी झालं तर आपण तिच्यात बुडतो. संशयी नवरा ऑथेल्लो बघायला गेला तर त्याला नाटक दिसतच नाही, स्वतःची बायको दिसते. तेव्हा अंतर होईल तितकं कमी हवं, पण नाहीसं व्हायला नको. बुलोने हे मनाबद्दल लिहिलं. वैमानिकाला हे मैलांत करावं लागतं. वीस मैल. पंधरा नको, आणि दोनशे मैलांवरून गेलं तर क्षितिजावर नुसती ठिणगी दिसेल. आणि हे अंतर भीती विसरून मिळालेलं नाही. भीती आणि ज्ञान दोन्ही शाबूत ठेवून, रडार बघून, परवानगी मागून, इंधनाचा हिशोब करून मिळालेलं आहे. त्या वळणामुळेच ढग बाजूने दिसला. तो पूर्ण खांब आणि पूर्ण ऐरण एका चौकटीत बसली ती त्या सावधपणामुळे. मी तर म्हणेन की या फोटोची रचना आधी विमानाच्या मार्गाने केली, मग कॅमेऱ्याने.

म्हणून बुलोचं उदाहरण मला आता अर्धवट वाटतं. त्याने धुक्यातला प्रवासी घेतला. जहाजाचा कप्तान घेतला नाही.

कलावंतांना मात्र या ज्ञानाची भीती फार दिवसांपासून आहे. 1802 मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने ढगांना लॅटिन नावं दिली. क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, सिरस म्हणजे कुरळा केस. आपण आजही तीच वापरतो. गटेला ही नावं इतकी आवडली की त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता लिहिली. त्याच गटेने फ्रीडरिख या मोठ्या चित्रकाराला विचारलं की या वर्गवारीप्रमाणे ढगांची चित्रं काढून देशील का. फ्रीडरिख नाही म्हणाला. ढगांना खणाखणांत बसवलं की निसर्गचित्र संपलं, असं त्याला वाटलं. आणि त्याच सुमारास, 1821-22 मध्ये, इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबल हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून ढगांची चित्रं काढत होता आणि चित्राच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून आहे हे लिहून ठेवत होता. फ्रीडरिख मोठा की कॉन्स्टेबल, या वादात मी पडत नाही. पण ढगांपुरतं विचाराल तर कॉन्स्टेबलचे ढग मला जास्त ओले वाटतात.

छायाचित्रणात याच्या उलट टोकाला स्टिगलिट्झ आहे. अमेरिकन छायाचित्रणाचा भीष्माचार्यच म्हणा. 1922 पासून त्याने ढगांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे त्या मालिकेला 'इक्विव्हॅलंट्स' असं नाव दिलं. म्हणजे माझ्या भावनेला समतुल्य असं काहीतरी. त्यातल्या पुष्कळ फोटोंत क्षितिज नाही, झाड नाही, जमीन नाही. वर कुठलं, खाली कुठलं, कळत नाही. कलेच्या इतिहासात ते फार महत्त्वाचं पाऊल मानतात. मान्य. पण तेच चित्र वैमानिकाला दाखवा. क्षितिज नसणं म्हणजे काय ते त्याला शरीराने माहीत असतं. 1954 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेले 20 वैमानिक घेतले आणि ढगात शिरल्यासारखी परिस्थिती तयार केली. सगळ्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ 178 सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांगतो की आपण सरळ चाललोय, आणि विमान गरगरत खाली चाललेलं असतं. स्टिगलिट्झने जे मोकळेपण म्हणून साजरं केलं, ते त्या माणसाला 178 सेकंद पुरतं. मी स्टिगलिट्झला यामुळे खोटा म्हणत नाही. त्याचा ढग मनातला ढग आहे. पण तोच ढगाचा शुद्ध अनुभव आणि वैमानिकाचा अनुभव भेसळीचा, हे म्हणणं मी आता सोडून दिलंय.

बोर्हांच्या फोटोत मात्र मला एक उणीव दिसते, आणि समीक्षा म्हटल्यावर ती सांगायला हवी. त्यात विमान नाही. काचेची कड नाही, पंखाचं टोक नाही, उपकरणांचा उजेड नाही. बघणाऱ्याला वाटतं आपण देवासारखे हवेत तरंगतोय. ज्या सावधपणाने हा फोटो शक्य केला त्याची एकही खूण चौकटीत ठेवलेली नाही. त्यामुळे तो पाहणारा पुन्हा बुलोचा प्रवासी होतो, घाम दुसऱ्याचा, दृश्य आपलं.

याबाबतीत आपला कालिदास जास्त चोख आहे. तुम्ही म्हणाल, म्हातारा आला शेवटी कालिदासावर! (हशा) येणारच. शाकुंतलाचा सातवा अंक आठवा. दुष्यंत इंद्राच्या रथातून खाली येतोय, मातली सारथी आहे. राजा म्हणतो की आपण आता ढगांच्या वाटेवर उतरलो. मातली विचारतो, कसं ओळखलंत? राजा पुरावे देतो. चाकांच्या धावा तुषारांनी ओल्या झाल्यात. आऱ्यांमधून चातक बाहेर पडताहेत. विजेच्या उजेडात घोडे चमकताहेत. बघा, ढगाचं वर्णन आहे, पण वाहनासकट. सौंदर्याची प्रत्येक ओळ ही अनुमानाची पायरीही आहे. चाक ओलं, म्हणून ढग. मग खाली पाहिलं तर पृथ्वी वर येतेय, झाडांचे बुंधे पानांतून बाहेर येताहेत, बारीक दिसणाऱ्या नद्या रुंद होताहेत. विमान उतरताना खिडकीशी बसलेला कोणीही सांगेल की हे असंच दिसतं. हे त्याने कुठून पाहिलं? डोंगरावरून, दुसरं कुठून. आपण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना आषाढात हेच करतो. खालून जो ढग दिसतो, वर गेल्यावर तीच धुवारी असते, आणि काचेवर पाणी जमलं की गाडीवाला दिवे लावतो. (आमची शकुंतला रेल्वे बंद पडून काही वर्षं झाली, पण कालिदासाच्या शकुंतलेतला रथ अजून वेळेवर आहे.)

रघुवंशाच्या तेराव्या सर्गात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. पुष्पक विमानातून राम-सीता परत येताहेत. सीता कुतूहलाने खिडकीतून हात बाहेर काढून ढगाला शिवते, आणि चमकणारी वीज त्या हातात दुसरं कंकण घातल्यासारखी दिसते. इथे अंतर शून्य आहे! कोणताही वैमानिक म्हणेल, बाई, हात आत घ्या. पण खिडकी आहे, हात आहे, विमान आहे. चौकट लपवलेली नाही.

चौकट न लपवता दिसणारं आणखी एक दृश्य सांगतो, कारण त्यात माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला फार मौज वाटते. विमान ढगांच्या वरून जात असताना सूर्य पाठीशी असेल तर खालच्या ढगावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्यी वर्तुळ दिसतं. आपल्याकडे ट्रेकिंग करणारी मुलं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हेच बघायला जातात, त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध 1835 मध्ये छापून आला, त्यात त्याने स्वतःच्या सावलीभोवतीच्या या वर्तुळाची नोंद केली आहे. यात दोन गोष्टी आहेत. एक, वर्तुळ किती मोठं यावरून ढगातल्या थेंबांचा आकार कळतो. थेंब जितके बारीक तितकं वर्तुळ मोठं. म्हणजे जो रंग बघून तुम्ही 'वा' म्हणता तीच मोजपट्टी आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे लोक 2009 पासून विमानं घेऊन मान्सूनच्या ढगांत शिरतात आणि थेंब मोजतात, ते अर्थात याहून काटेकोर यंत्रांनी. पण निसर्गाने एक अंदाज फुकट दिलेला आहे. दुसरी गोष्ट, वर्तुळाचा मध्य हा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर असतो. तुम्ही शेपटीकडच्या खुर्चीत बसला असाल तर मध्य शेपटीवर, वैमानिकाच्या फोटोत मध्य विमानाच्या नाकाशी. फोटो बघून तो कुठे बसला होता हे सांगता येतं. कोकणकड्यावर दोघं शेजारी उभे राहिले तर प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. दृश्य खरं, मोजता येण्यासारखं, आणि तरी प्रत्येकाचं वेगळं. कांटला हे कोणी दाखवायला हवं होतं.

आता त्या मुलाकडे येतो.

वैमानिकाची वकिली मी केली, पण एक गोष्ट राहिली. वैमानिकाला वळता येतं. वावराला वळता येत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट झाली, इथल्या सगळ्यांना आठवत असेल. माझ्या चुलत भावाची संत्र्याची बाग होती, मृग बहाराचा माल तोडणीला आलेला, आंबियाचा नुकता धरलेला. संध्याकाळी सातपुड्याच्या अंगाला ढग उठला. मी तेव्हा त्याच्याकडेच होतो. आम्ही दोघं बांधावर उभे. मावळतीचं ऊन माथ्यावर, तो सपाट पसरलेला, आणि पोटात अधूनमधून उजेड. हाच, पडद्यावरचाच ढग म्हणा. मला क्युम्युलोनिम्बस हा शब्द माहीत होता. त्याला नव्हता. पण त्या ढगाच्या पोटात काय आहे हे त्याला माझ्याआधी कळलं, कारण वारा एकदम थंड झाला आणि तो म्हणाला, "भाऊ, घरात चाल." दहा मिनिटांनी लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. पत्र्यावरचा तो आवाज मला अजून आठवतो. सकाळी बागेत संत्र्यांचा सडा होता, आणि झाडांची साल एका बाजूने सोललेली.

कितीतरी महिन्यांनी असंच बसलेलो असताना त्याने तो विषय काढला. म्हणाला, "भाऊ, असं देखनं आभाय म्या जिनगानीत पायलं नाई. अन् असं नुकसानबी नाई."

मी वर्गात सांगत होतो की नुकसान विसराल तेव्हा देखणेपण दिसेल. या माणसाला दोन्ही एका वाक्यात दिसत होतं, आणि एकामुळे दुसरं पुसलं गेलं नव्हतं. त्याला अंतर नव्हतं. वीस मैल सोडा, वीस फूटही नव्हतं. मग हा अनुभव कोणत्या खणात टाकायचा? वैमानिकाच्या उदाहरणाने मी बुलोला दुरुस्त करू शकतो. म्हणू शकतो की अंतर ज्ञानाने राखता येतं. माझ्या भावाच्या वाक्यापुढे ती दुरुस्तीही पुरत नाही. याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर तयार उत्तर असल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही.

पण यक्षाच्या वावराचं उत्तर मात्र मला सापडलं, आणि तेही मी दरवर्षी शिकवत असलेल्या पुस्तकातच. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मिराशींनी मांडलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. कालिदास सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो की ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा. त्याच्याकडून निरोप कसला पाठवता? विरहाने ज्याचं भान सुटलंय तोच असं करेल. म्हणजे शास्त्र त्याला माहीत होतं, ते त्याने आधी टेबलावर ठेवलं आणि मग काव्य केलं. इतकं मी वर्गात सांगत होतो. पुढचं नजरेतून सुटलं. ढग रामगिरीवरून निघतो आणि पहिल्याच टप्प्यात नुकत्याच नांगरलेल्या, मातीचा वास सुटलेल्या शेतांवरून जातो. तिथल्या खेड्यातल्या बाया वर बघतात. त्यांना डोळे मोडता येत नाहीत, नखरा ठाऊक नाही. पीक तुझ्यावर अवलंबून आहे म्हणून त्या तुला प्रेमाने डोळ्यांनी पिऊन घेतील, असं यक्ष ढगाला सांगतो.

पीक तुझ्यावर अवलंबून आहे *म्हणून*. निःस्वार्थ वगैरे काही नाही. सरळ गरज आहे, आणि त्याच नजरेला कालिदास सगळ्या मेघदूतातल्या सुंदर नजरांमध्ये पहिल्या पंगतीत बसवतो. उज्जयिनीच्या चतुर स्त्रिया नंतर येतात. यक्षाचं वावर नव्हतंच. त्याच्या वाटेवर मात्र सगळं वावरच होतं. आणि मी त्या मुलाला 'बस खाली' म्हणालो होतो.

तो आता कुठे आहे, मला माहीत नाही. ही चित्रफीत त्याच्यापर्यंत पोचली तर त्याने कळवावं, एवढी विनंती आहे.

एप्रिल 2025 पासून आपल्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झालं, आणि तिथे वैमानिक घडवणाऱ्या मोठ्या शाळेचीही घोषणा झालेली आहे. म्हणजे उद्या अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची एखादी मुलगी या आभाळात वळसा घालायला शिकेल. ती कॅमेरा उचलेल तेव्हा खाली कोणाचं वावर आहे हे तिला ओळखू येत असेल. तिच्या फोटोत काचेची कड राहू द्यावी, असा माझा आग्रह आहे. बोर्हांचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघणार आहे, त्याबद्दल शंका नको. पण त्या दुसऱ्या फोटोची मी वाट बघतोय.

पुढच्या वेळी रघुवंशाचा तेरावा सर्ग घेऊ. वाचून आलात तर बरं. आता प्रश्न घेतो, पण लवकर विचारा, पश्चिमेकडून वारा सुटलाय आणि दुचाकीवाल्यांनी निघालेलं बरं.